चुंबकाचा गणपती

निर्वात कोठीचं दार बंद झालं आणि इलेक्ट्रॉनांचा किरण अणुभट्टीची वीतभर जाडीची दोन पोलादी कडी सांधत निघाला. काचेतून बघणाऱ्या सुलभाला तेव्हा कुठे ते दिसलं. खंडेनवमीच्या पूजेत तिने सांध्याशेजारी चिकटवलेला चुंबकाचा गणपती आत तसाच राहिला होता. चुंबकाजवळ किरण वाकतो आणि सांधा हुकतो, हे नव्या पोरांना तीच शिकवायची.

"साहेब, थांबवा!"

"कसं थांबवू?" ठोंबरे साहेब म्हणाले. "माणसं घाबरून मध्येच थांबवायची आणि तिथेच तडा जायचा. म्हणून तर या यंत्राला थांबवायचं बटणच ठेवलेलं नाही."

किरण सांध्यावरून सरळ येत होता. गणपतीजवळ पोचताच तो अलगद त्याच्याकडे वळला.

सुलभाने त्याच गणपतीला हात जोडले. करण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं.