बहिणीला आणायला

प्रेमानंद जिना अर्धा चढला होता, तेवढ्यात वरून उतरणाऱ्या मुलीनं त्याची वाट अडवली.

"साक्षीले न्यायले आले ना तुमी?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "आज नका नेऊ. भय्याजी बाहेरगावी हायेत. त्यायच्या समोरून न्या, नाही तं साक्षी पुन्हा वापस इथंच येईन."

नेहरू नगरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर हे 'जोड साधना केंद्र'. खालची पोरं इंजिनिअर व्हायला आलेली, वरच्या पोरी नवरा शोधायला. प्रत्येकाची जोड वरून ठरलेली असते आणि साधनेनं ती आपसूक समोर येते म्हणे. प्रेमानंदची धाकटी बहीण साक्षी दोन महिन्यांपासून दर रविवारी इथं येत होती.

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहाच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये त्यावरून रोज महाभारत. दारावर पंचशील ध्वज, भिंतीवर बाबासाहेब, आणि घरातली पोरगी कोण्या भय्याजीच्या पायाशी! प्रेमानंदनं समजावलं, ओरडून पाहिलं, बावीस प्रतिज्ञा म्हणून दाखवल्या. साक्षी तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. फोन उपडा ठेवायची. फारच झालं तर एवढंच म्हणायची, "तू नोको येऊ तिथं, दादा. तुले नाही समजनार."

आता, नको म्हटलं की प्रेमानंद तिथं पहिला हजर, हे कारखान्यातल्या त्याच्या खात्याला, सगळ्या ब्लास्ट फर्नेसला माहीत होतं. त्यात आई शेवंताबाईनं जेवण सोडलेलं. "पोरीले इकून टाकतीन रे ते लोक," ती रडून राहिली होती. प्रेमानंदच्याही मनात तेच होतं, फक्त तो बोलत नव्हता.

"तुमी कावून सांगून राहिले मले हे?" त्यानं जिन्यावरच्या मुलीला विचारलं.

"माह्यासाठी कोनीच नाही आलं," ती म्हणाली. "माहं नाव प्रेरणा. पुढच्या रविवारी या." आणि चपला हातात घेऊन ती पुन्हा वर पळाली.

तो आठवडा प्रेमानंदला खायला उठला. ड्यूटीवर बहिणीची काळजी. आणि खोटं कशाला बोला, ती जिन्यावरची पोरगीही डोक्यातून जाईना. गडी पस्तिशीचा होता. बहिणीचं लग्न झाल्याशिवाय स्वतःचं नाव काढायचं नाही, हा त्याचा हट्ट. चांगली चांगली स्थळं त्यानं दारातूनच परत पाठवली होती. साक्षी त्यावरून चिडायची, तर हा हसून सोडून द्यायचा.

रविवारी तो तडक वर गेला.

हॉलमध्ये चाळीस-बेचाळीस बायका बसल्या होत्या. आणि पुरुष? मोजून पाच. इतक्या पोरी आणि हे पाचच बाप्ये, मग या पोरी जातात कुठं?

"भैया, पानी लीजिए." "भैया, पंखे के नीचे बैठिए." बायकांनी नुसता गराडा घातला. प्रेरणा तेवढी खिडकीपाशी गप्प उभी होती. तिनं काही त्याला भैया म्हटलं नाही. ते त्याला बरंच वाटलं.

शेजारचा जाडसर माणूस सरकला आणि त्यानं जागा करून दिली. "तुमी कोनाचे भाऊ?"

"साक्षीचा."

"मी सोनलचा," तो माणूस म्हणाला आणि उगाच लाजला.

प्रेमानंदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सख्खा भाऊ असून हा बैलोबा इथं मांडी ठोकून बसलाय! लाज कशी वाटत नाही?

भय्याजी आले. ना दाढी, ना भगवं. एखाद्या निवृत्त हेडमास्तरासारखा साधा माणूस. प्रेमानंदनं भाषण तयार ठेवलं होतं, पोलिसांचं नावसुद्धा घ्यायचं ठरवलं होतं. त्यानं तोंड उघडलं मात्र.

"बहन को ले जाना है? ले जाइए," भय्याजी म्हणाले. "हम किसी को बाँधकर नहीं रखते."

झाली ना पंचाईत! भांडायला आलेल्या माणसाशी कोणी भांडेचना.

अट एकच होती. साधना अर्धी सोडता येत नाही, म्हणून घरच्या कोणीतरी तिच्या जागी अकरा रविवार बसायचं. भाऊ असला तरी चालेल.

भय्याजींनी फॉर्म पुढे केला. वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही प्रेमानंदच्या घरातली आजोबांपासूनची शिकवण. त्यानं दोनदा वाचला. नाव, जन्मतारीख, कारखान्यातलं खातं, लग्न झालं की नाही, आणि खाली अकरा रविवारांचं वचन. कुठं मेख आहे ते शोधलं. सापडली नाही.

साक्षी खाली मान घालून बसली होती. प्रेरणाचे डोळे भरून आले होते. अकरा रविवारांत हिलाही बाहेर काढतो, त्यानं मनाशी ठरवलं. आपल्याला काय होतंय? वर्षानुवर्षं सेफ्टीची भाषणं ऐकून जो सुधारला नाही, तो या भजनांनी बिघडणार थोडाच!

त्यानं ठसठशीत सही केली.

"छह हो गए," भय्याजी म्हणाले आणि सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रेमानंदनं तिकडे लक्ष दिलं नाही. पोरगी सुटली होती. दोन महिन्यांचा घोर उतरला होता. "चाल साक्षी," त्यानं हात पुढे केला, "आई वाट पाहून राहिली."

साक्षी उठली. तिनं भय्याजींकडून फॉर्म घेतला, भावाला वळसा घालून ती खिडकीपाशी गेली आणि तो कागद तिनं प्रेरणाच्या हातात ठेवला.

"घ्या वहिनी," ती डोळे पुसत म्हणाली. "म्या म्हटलं होतं ना, बोलावलं असतं तं दादा जिंदगीत आला नसता."