पूर्ण हजेरी

“हिचं नाव काय?” डॉक्टरीणबाईंनी टेबलावरची गुलाबी गोळी बोटाने पुढे ढकलली.

“नाव नाही. पोटदुखीची गोळी,” अमुदा म्हणाली. “कारखान्यात पोरींना देतो आम्ही.”

“आणि तू किती खाल्ल्यास?”

ते अमुदाने कधी मोजलंच नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी ती तिरुपूरच्या बनियनच्या कारखान्यात लागली, तेव्हापासून महिन्याचे ते चार दिवस ती गोळ्यांच्या जिवावर उभी होती. आधी एक, मग दोन, आता सकाळ-दुपार दोन-दोन. पुढे ती शिलाईच्या लाइनीवर सुपरवायझर झाली आणि गोळ्यांची डबी तिच्याच कमरेला आली. वेष्टनातून आधीच काढलेल्या गोळ्या, डबीवर अक्षर नाही. एखादी पोर पोट धरून बसली की अमुदा तिच्या तळहातावर एक ठेवायची. पंधरा मिनिटांत मशीन सुरू झालंच पाहिजे.

आजही बाई स्वतःच्या पायांनी आली नव्हती. लाइनीवरच कोसळली, म्हणून मालकाच्या गाडीत घालून तिला कोइमतूरला आणलं. गाडीत शुद्धीवर आल्या आल्या तिने काय विचारावं? “माझी हजेरी लागली ना?”

हसू नका. ती हजेरी म्हणजेच तिची सगळी इस्टेट होती. वर्षभरात जिचा एकही खाडा नाही, तिला आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, मालक सगळ्यांसमोर स्टीलची घागर द्यायचे. अमुदाला ती दरवर्षी मिळाली. सोळा घागरी स्वयंपाकघरात भिंतीशी रचलेल्या होत्या आणि मूल मात्र नव्हतं. लग्नात वडीलधाऱ्यांनी तिकडच्या रीतीप्रमाणे ‘सोळा पदरात पडोत’ म्हणून आशीर्वाद दिला होता. सासूने तो बरोबर लक्षात ठेवला. आल्यागेल्याला घागरी दाखवून म्हणायची, “आशीर्वाद फळला हो. आमच्या सुनेला सोळा लेकरं. सगळी स्टीलची.” पाहुणे हसायचे आणि अमुदा त्यांना कॉफी आणून द्यायची.

पळनीच्या देवळात जाऊन तिने दोनदा डोक्यावरचे केस दिले. डॉक्टरकडे मात्र गेली नाही. तिथे जायचं म्हणजे खाडा पडणार. देव काय, रविवारीही भेटतो.

“याला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात,” डॉक्टरीणबाई सांगत होत्या. “पिशवीच्या आत असतं तसलं अस्तर तुझ्या पिशवीबाहेर वाढत गेलंय. दर महिन्याला तिथेही रक्त येतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नाही. दोन्ही बीजकोश त्या जुन्या रक्ताने भरलेत, आतडं चिकटलंय. सगळंच काढावं लागेल.”

“पण डॉक्टर, बायकांचं दुखतंच ना?”

“एवढं नाही दुखत. दुखणं ओरडून सांगत होतं आणि तू त्याच्या तोंडात गोळी कोंबत होतीस. सहा वर्षांपूर्वी आली असतीस तर मुलाची आशा होती.”

“आणि आता?”

“आता नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या बाईला बोलावलं.

अमुदा बाहेर आली. बाकावर एक तरुण बाई मांडीवरच्या मुलाला दहीभात भरवत होती. अमुदाला बघताच ती मुलासकट ताडकन उठली, सुपरवायझर आली की लाइनीवरच्या पोरी उठायच्या तशीच.

“अक्का! ओळखलंत का? मी पूंगोडी. गळ्याच्या पट्टीच्या मशिनीवर होते.”

अमुदाने ओळखलं. न ओळखून काय करते? सहा वर्षांपूर्वी हीच पोर तीन गोळ्या खाऊनही कापडाच्या ढिगावर लोळत होती. “अक्का, हे नेहमीचं नाही हो, आतून कोणीतरी पिळतंय,” म्हणत होती. अमुदाने सगळ्या लाइनीसमोर तिला दंडाला धरून उठवलं होतं. “आम्ही काय पुरुष आहोत? आमचं दुखत नाही? हे नाटक तुझ्या आईला दाखव.” त्याच दुपारी तिला फाटकाबाहेर काढलं. त्या महिन्यात लाइनीवर दुसरी कोणी पोट धरून बसली नाही, आणि अमुदाला त्याचं फार समाधान वाटलं होतं.

“तुम्ही हाकललंत ना, तेव्हा मी शिव्या घातल्या तुम्हाला,” पूंगोडी मोकळेपणाने म्हणाली. “खोटं कशाला सांगू? पण काम सुटलं म्हणून अप्पा म्हणाले, रिकामीच आहेस तर चल, डॉक्टरला दाखवू. याच बाईंनी दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. म्हणाल्या, वेळेत आलीस. मग लग्न झालं, आणि हा झाला. कामावर असते तर कुठली हो सुट्टी? अजून तुमच्या गोळ्याच खात बसले असते. मी सगळ्यांना सांगते, अमुदाअक्कांनी हाकललं म्हणून माझ्या घरात पोर खेळतंय.”

तिने मुलाचे भाताने बरबटलेले हात पदराला पुसले आणि जोडून धरले. “नमस्कार कर. पेरियम्मा आहे ती तुझी, मोठी आई.”

मुलाने नमस्कार केला. अमुदाच्या कमरेला डबी होती. पोटात कळ उठली होती, पण तिने डबीला हात लावला नाही.

“माझंच पुराण लावलं मी,” पूंगोडी म्हणाली. “तुम्हाला किती मुलं, अक्का?”

“सोळा,” अमुदा म्हणाली.