ट्रंकेतली टेप

पुंडल्यानं कॅसेटची नक्कल केली याचं गोजरबाईला एवढं वाटलं नव्हतं. त्यानं तिची ट्रंक उघडली, याचा मात्र तिला संताप होता.

"सोळा वर्सं खाऊ-पिऊ घातलं," ती फौजदाराला सांगत होती. "तापात मांडीवर घेऊन बसले. आन् हा मेला माझ्याच ट्रंकेत हात घालतो! माझ्या मालकानं छावणीतून आणलेली ट्रंक, साहेब. इचारायचं तरी!"

पुंडलिक बाकावर मान खाली घालून बसला होता. अंगात वाळूजच्या कंपनीचा निळा शर्ट. ड्यूटीवरून सुटला तसा शिपायानं गेटवरच उचलला होता. पुढच्या महिन्यात तो पर्मनंट होणार होता. गुन्हा नोंदला की ते संपलंच.

तक्रार रामकिसन शेठची. त्यांचं गुलमंडीवर कॅसेटचं दुकान. 'गोजरबाईच्या ओव्या' त्यांनीच बाजारात आणल्या होत्या. वर गोजरबाईचा फोटो, शेजारी जातं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागून आठवडा झाला होता आणि उस्मानपुऱ्यातल्या प्रत्येक टपरीवर त्याच ओव्या वाजत होत्या. गोजरबाईला दोन शाली मिळाल्या होत्या. कुणी गायला सांगितलं की ती म्हणायची, "घसा गेला आता. कॅसेट लावा."

आणि त्याच आठवड्यात तिच्या या पुतण्यानं मित्राच्या डबल टेपवर पंधरा कॉप्या काढून कंपनीतल्या पोरांना देऊन टाकल्या. फुकट.

"कायद्यात किती बसतं?" शेठनं विचारलं.

"तीन वर्षांपर्यंत." फौजदारानं पोराकडं पाहिलं. "पण चार ओव्यांसाठी तीन वर्षं म्हणजे जास्तच होतं. पोरगं सरळ दिसतंय. दम देऊन सोडू."

"जास्त? कमीच हायेत!" गोजरबाई कडाडली. "कोंबडी चोरली तर कोंबडी परत देता येती. दुसऱ्याचा गळा चोरला, तो कसा परत देनार? आन् नामांतरापायी म्या एकोनीस दिवस जेलात काढलेत. जेलनं मानूस मरत नाय."

फौजदार पुंडलिककडं वळला. "का रे? दुकानात मिळत होती की."

"दुकानातल्या कॅसेटमधी समदं नाय."

"आणि पंधरा कशाला काढल्या?"

"येक खराब झाली तर चौदा ऱ्हातील."

"काय नाही दुकानातल्या कॅसेटमध्ये?"

पुंडलिक जमिनीकडं बघतच म्हणाला, "मोठ्या मायला इचारा."

"मला काय इचारतोस? चोर कोन, तू का मी?"

फौजदारानं शिपायाला टेपरेकॉर्डर आणायला सांगितला. दोन्ही कॅसेट वाजवल्याशिवाय पंचनामा करता येत नव्हता.

आधी शेठची कॅसेट लागली. जात्याची घरघर, बांगड्यांची किणकिण आणि मग आवाज. चौकीतलं कुणी हललं नाही.

*दळण दळीते बाई, जात्याच्या तोंडी घास*
*भीमाच्या पुण्याईनं लेक होईल बी. ए. पास*

गोजरबाईनं डोळे मिटले. अठ्ठ्याहत्तर साल. गंगापूरकडचं घर, चुलीचा धूर, ओसरीवर उखळाशेजारी जातं. ती आणि धाकटी जाऊ कडूबाई. पुंडल्याची माय. दोघींचं एका ताटात जेवण. मालकानं नवा टेपरेकॉर्डर आणला तेव्हा घरातली सगळी भूत पाहिल्यासारखी लांब पळाली. रेकॉर्डिंगचं तांबडं बटण दाबायचं धाडस एकट्या गोजरबाईत होतं. त्याच पावसाळ्यात कडूबाई काविळीनं गेली. तिच्या मागं चार महिन्यांत दीरही गेला. गावात पिठाची गिरणी आली, मालकाला चिकलठाण्याला काम लागलं, आणि दोन वर्षांच्या पुंडल्याचं ओझं कडेवर घेऊन गोजरबाई शहरात आली. जातं तिथंच राहिलं. ओव्यांची टेप तेवढी ट्रंकेत आली.

"ओवीतला लेक म्हणजे हाच का?" फौजदारानं विचारलं. गोजरबाईला पोटचं लेकरू नाही, हे त्याला शेठनं सांगितलं होतं.

"दुसरा कोन?" ती म्हणाली.

खट्. "इथं संपती," शेठ म्हणाले.

मग पुंडलिकची कॅसेट लागली. तेच जातं, त्याच ओव्या. शेवटच्या ओवीवर फौजदाराचा हात बटणाकडं गेला.

पुंडलिकनं पहिल्यांदा मान वर केली. "ऱ्हाऊ द्या, साहेब. थोडं फुडं हाय."

"कशाला?" गोजरबाई उठलीच. "त्येच त्येच काय ऐकायचं? बंद करा आन् लिहा तीन वर्सं!" ती टेपपाशी पोचलीही होती. फौजदारानं तिचा हात मनगटाशी धरून अलगद बाजूला केला.

टेपमधलं जातं थांबलं. बांगड्या सरकल्या. लांब कुठंतरी लेकरू रडत होतं. ओवीतलाच आवाज, दम लागलेला, हसत म्हणाला, "बंद करा की वो ते मशीन, जाऊबाई. आन् माझ्या पुंडल्याला घ्या जरा, मी पीठ भरती."

रीळ नुसतंच फिरत राहिलं. पुंडलिकचे ओठ त्या शब्दांबरोबर हलून थांबले होते.

गोजरबाईनं पदर खांद्यावर घेतला आणि ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तीन वर्सं कमीच हायेत, पुंडल्या," ती म्हणाली, "पर ती तुझी नव्हं. ऊठ. मायचा आवाज लेकरानं नेला, त्याला चोरी म्हनत नाय."