मार्गारेट आणि ब्रुनो

टोबी फाटकापाशी थांबला. पलीकडे मेंढ्या होत्या. मी त्याचा पट्टा आखडून धरला, टॉमने मुलांना उचलून पलीकडे ठेवलं आणि आम्ही टेकडीखालच्या खानावळीकडे निघालो. तिथे कुत्र्यांना आत घेतात, पाण्याचं भांडंही ठेवतात.

एवढं लिहून विनीताने मनगट चोळलं. पंखा पाचवर होता, तरी लॅपटॉपखाली मांडी भाजत होती. सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या त्या नवव्या मजल्यावरून टेकडी दिसत नव्हती. दिसत होते समोरच्या ब्लॉकचे काठ्यांवर वाळत घातलेले कपडे. ती ब्रिटनला कधी गेली नव्हती. कुत्राही तिने कधी पाळला नव्हता.

"टोबी अगेन?" शाळेतून आलेली ऋता खांद्यावरून डोकावली. "मम्मा, वी डोंट इव्हन हॅव अ डॉग, लाह!"

"हळू बोल. आधी हातपाय धू."

ब्रिटनमधली ती वेबसाइट नकाशे आणि फोटो पाठवायची. कुत्र्याला घेऊन सुट्टीवर निघालेल्या हेलनच्या कुटुंबाचं सुख विनीताने पुरवायचं. आठवड्याला एक लेख, खाली नाव हेलनचं. पुण्यातली नोकरी सोडून नवऱ्याबरोबर, शैलेंद्रबरोबर, इथे आल्यापासून स्वतःचं म्हणावं असं तिच्याकडे हे एवढंच होतं, आणि तेही आता हातचं जाणार असं दिसत होतं. सदर कोणी वाचत नाही, महिनाअखेरपर्यंत प्रतिसाद वाढले नाहीत तर बंद करू, असं संपादिकेने कळवलं होतं.

प्रतिसाद देणारी एकच होती. मार्गारेट. यॉर्कशरमधली एकटी विधवा. तिच्याकडे ब्रुनो नावाचा म्हातारा कुत्रा होता. प्रत्येक लेखाखाली तिच्या दोन-चार ओळी असत. ‘हेलन, काल वारा नैर्ऋत्येचा होता. ब्रुनो तुझ्या फाटकापर्यंत आला, पुढे पाय उचलेना. तिथेच बसून आम्ही तुझा लेख आठवला.’

या ओळी दुपारी तीनच्या सुमाराला यायच्या. तिकडे तेव्हा सकाळ. म्हातारं माणूस, लवकर जाग येत असेल, असं विनीताला वाटे. ते फाटक तिने मनाने रचलेलं होतं. पण मार्गारेटला तसलं एखादं सापडलं असेल, तर चांगलंच की.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना ती घरातल्या सगळ्यांची नावं घ्यायची. हल्ली शेवटी ब्रुनोचंही घेऊ लागली होती. नेमकी तिथेच तिची जीभ अडखळे. जिच्या कुत्र्यासाठी देवाकडे मागायचं, तिलाच दर आठवड्याला फसवायचं?

रविवारी इथल्या मराठी मंडळात कीर्तन होतं. जेमतेम पंधरा माणसं. त्यातली निम्मी मागच्या खुर्च्यांवर मोबाइलमध्ये. तिचे सासरे अप्पा मात्र बुवांच्या थेट समोर, सतरंजीवर मांडी घालून. परत येताना मेट्रोत उठता-बसता कळवळत होते.

"अप्पा, मागे खुर्च्या होत्या ना? डॉक्टरांनी खाली बसू नका म्हटलंय. नी-कॅपसुद्धा घातली नाहीत."

"अगं, सवय आहे ती. माझे वडील कीर्तन करायचे. कधीकधी देवळात गुरव आणि एक आंधळी म्हातारी, एवढाच श्रोतृवर्ग. मग आई मला पुढे बसवायची. म्हणायची, कळो न कळो, मान डोलव. समोर एक मान हलली तरी त्यांचं आख्यान पुरं होतं."

"आणि झोप आली तर?"

"झोपेत तर जास्तच डोलायची!" अप्पा स्वतःच हसले. "वडिलांना वाटायचं, आज काय रंगलंय!"

विनीताही हसली. बऱ्याच दिवसांनी. पण बुवांनी निरूपणात सांगितलेलं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. खोट्याच्या ताटात वाढलेलं देव घेत नाही, असं काहीसं ते होतं.

मंगळवारी सकाळी घरात कोणाला न सांगता तिने मार्गारेटला पत्र लिहिलं. ईमेलचा पत्ता प्रतिसादाबरोबर येतच असे. ‘मी हेलन नाही. मी सिंगापूरला राहते. टोबी नाही, टॉम नाही, ते फाटकही नाही. तुम्ही एकट्याच मनापासून वाचता, म्हणून तुम्हाला फसवणं आता होत नाही. संपादिकेला कळवलंत तरी माझी तक्रार नाही. ब्रुनोच्या पायासाठी मात्र मी रोज प्रार्थना करते, ती खरी आहे.’

पाठवलं. आणि तिला एकदम खूप थकल्यासारखं झालं.

जेवण करून अप्पा नेहमीप्रमाणे लायब्ररीत पेपर वाचायला गेले. तीन वाजले. मार्गारेटकडून काही आलं नाही. सव्वातीन झाले. संपलं, विनीता मनाशी म्हणाली. लॅपटॉप मिटताना खुर्चीवर पडलेली अप्पांची नी-कॅप तिला दिसली.

"अप्पांना काही आठवत नाही," ती पुटपुटली आणि चप्पल घालून खाली उतरली.

लायब्ररीत पेपरांच्या टेबलाशी दोन चिनी आजोबा डुलक्या घेत होते. अप्पा तिथे नव्हते. ती पुस्तकांच्या रांगा ओलांडून मागे गेली. शेवटच्या कंप्युटरसमोर, चष्मा कपाळावर चढवून, नाक पडद्याला टेकवून, अप्पा एका बोटाने टाइप करत होते. डावा हात गुडघा चोळत होता.

हाक मारायला ती पुढे झाली आणि तशीच उभी राहिली. पडद्यावर वरच्या अर्ध्या भागात तिचं सकाळचं पत्र होतं.

खाली इंग्रजीत एकेक अक्षर उमटत होतं: ‘डिअर हेलन, तुझ्याकडे कुत्रा नाही हे वाचलं. काही बिघडत नाही. ब्रुनो म्हणतो, तू लिहीत राहा.’