बसवलेली कोंबडी

धरणाचं पाणी वावराला लागलं तसा सामान न्यायला घोडेगावहून ट्रक आला. कुंडलिकची म्हातारी आई बाळाबाई मात्र जागची हलेना.

"भाऊ, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवलीय. जागा बदलली की ती उठती, अंडी वाया जात्यात. पिल्लं निघू द्या, मग येते."

ड्रायव्हरच्या घरीही कोंबड्या होत्या. त्यानं भांडीकुंडी तेवढी नेली.

पाणी परसात शिरलं तेव्हा ट्रक पुन्हा आला. कोंबडी अजून बसलेलीच होती. कुंडलिकनं तिच्याखालचं एक अंडं काढून दगडावर फोडलं. आतून उकडलेला, घट्ट बलक निघाला.

"आई, ह्यातनं पिल्लू कसं निघायचं?"

बाळाबाईनं पाण्यावरची नजर काढली नाही.

"म्हणून तर उकडली."