नितळ आलेख

शर्वरीने घडवलेली रेणूएवढी मोटर अर्धा फेरा प्रकाशावर घेई, उरलेला इलेक्ट्रॉनच्या देवघेवीवर. पण मोटरच्या फिरण्याचे आलेख इतके नितळ येत, की शर्वरीच्या गाइड केळुसकर मॅडमना ते पचेनात. पोरगी आकडे मनानेच लिहीत असावी.

शर्वरी चहाला गेली, तेव्हा त्यांनी यंत्रातली मोटरच्या द्रावणाची तिची कुपी काढून मोटर नसलेल्या, नुसत्या द्रावकाची ठेवली. आजही आलेख नितळ आला, तर चोरी पकडली जाणार होती.

तासाभराने शर्वरी रडवेली होऊन आली. "मॅडम, मोटर फिरतच नाहीये. माझंच काहीतरी चुकलंय. पेपर छापायला पाठवू नका."

मॅडमनी खिशातली कुपी टेबलावर ठेवली. "मीच बदलली होती."

"विचारलं असतंत, तर तुमच्यासमोर करून दाखवलं असतं," एवढंच शर्वरी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या कपाटाला कुलूप दिसू लागलं.