रामटेके बाईंची तोंडी परीक्षा

यादीत पहिलंच नाव कमला रामटेके निघालं आणि खेमराज मेश्राम सरांनी यादी पालथी घातली.

कमला रामटेके म्हणजे त्यांची बायको. बी.कॉम.च्या सर्टिफिकेटावर माहेरचं आडनाव होतं, म्हणून एम.कॉम.चा फॉर्मही तिने त्याच नावाने भरला होता. लग्नाला सात वर्षं झाल्यावर, दोन लेकरं सांभाळून, ती बाहेरून परीक्षेला बसली होती. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या त्या कॉलेजात एम.कॉम.ला व्यवस्थापन शिकवणारे मेश्राम सर एकटेच, त्यामुळे कॉलेजकडून परीक्षक तेच. त्यांनी प्राचार्यांना हे आधीच सांगितलं होतं. प्राचार्य म्हणाले, दुसरा माणूस मी कुठून आणू? बाहेरच्या परीक्षकांच्या कानावर घाला, आणि जरा कडक राहा.

बाहेरचे परीक्षक डॉ. गुणाकर नाफडे जबलपूरहून छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीने आले, तेच दोन तास उशिरा. संध्याकाळच्या गाडीने त्यांना परतायचं होतं आणि अकरा जणांची तोंडी आटपायची होती. मेश्राम सरांनी दोनदा "सर, एक सांगायचं होतं" म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा नाफडे म्हणाले, मागून. तेवढ्यात चपराशी फकिराने नाव पुकारलं आणि कमला आत आली. सकाळी तिनेच इस्त्री करून दिलेला शर्ट घालून नवरा समोर बसला होता. त्याला तिने हात जोडून "नमस्कार सर" म्हटलं.

नाव मराठी पाहून नाफडे खूश झाले. पेपर हिंदीत झाले, आता घरच्या भाषेत बोला, म्हणाले.

सुरुवात मेश्राम सरांनी करायची होती. उद्या कोणी पक्षपात केला म्हणू नये, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी प्रश्नांचा भडिमार सुरू केला. कमलाने श्वास घेतला की पुढचा प्रश्न तयार. तिने पाच उत्तरं बरोबर दिली. सहाव्याला ते म्हणाले, इतकं थोडक्यात नको, सविस्तर सांगा. ती सविस्तर सांगू लागली, तर म्हणाले, मुद्द्यावर या. मग त्यांना कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, त्यांनी मॅनेजमेंट ऑडिट विचारलं.

शब्द तोंडातून गेला आणि त्यांना आठवलं. गेल्या रविवारी हाच धडा उघडून ती चुलीपाशी बसली होती, तेव्हा आपणच तिला म्हटलं होतं, सोड, हे कोणी विचारत नाही.

कमलाने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग ती नाफड्यांकडे वळली.

"तेवढं वाचायचं राह्यलं सर. माहीच चूक आहे."

मेश्राम सरांना टेबलाखाली शिरावंसं वाटलं. पण आता माघार घेतली तर पक्षपात झालाच.

"काहून राह्यलं?" त्यांनी विचारलं, आणि ते 'काहून' त्यांना स्वतःलाच घरातलं वाटलं.

नाफड्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "प्रोफेसर साहेब, या बाईंनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"सर, तेच सांगायचं होतं. या माझ्या..."

"विषयात कच्च्या आहेत, हेच ना? मला तसं दिसत नाही. मुलांनाही तुम्ही असंच विचारता का?" उत्तराची वाट न पाहता त्यांनी खुर्ची कमलाकडे वळवली आणि आता मेश्रामांनी फक्त ऐकावं, असं सांगितलं. मग त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, की एका माणसाच्या हाताखाली किती माणसं नीट सांभाळता येतात.

कमलाने थोडा विचार केला. "पुस्तकात पाच-सहा लिहिले आहेत सर. पण त्यातला एक जण स्वतःलेच साहेब समजत असला, तर तिघंच."

नाफडे इतके हसले की बशीतला चहा सांडला. फकिरा फडकं घेऊन आला तरी त्यांचं हसू थांबेना. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, कॉलेजात न येता एवढी तयारी झाली कशी? शिकवणी कोणाकडे?

"शिकवणी नाही सर. घरी हे शिकवतात," कमला म्हणाली. "दोन वर्षं झाली. मी सैपाक करते अन् हे बाजूले बसून वाचून दाखवतात. एका वेळी समजलं नाही, तर चार वेळा सांगतात. घरी कधी आवाज चढवत नाहीत."

शेवटच्या 'घरी'वर किंचित जोर होता. तो नाफड्यांना ऐकू आला नाही. मेश्राम सर पंख्याकडे पाहू लागले.

पन्नासपैकी मेश्राम सरांनी आपल्या कागदावर आधीच पेन्सिलीने पंचवीस लिहून ठेवले होते. नाफड्यांनी ते खोडले, शाईने त्रेचाळीस लिहिले आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला. कमला नमस्कार करून बाहेर गेली. दार लागेपर्यंत नाफडे थांबले.

"ऐकलंत ना?" ते म्हणाले. "शिकवावं तर असं. तुम्ही वयाने लहान आहात, म्हणून सांगतो. कधी वेळ काढून त्या गृहस्थांना जाऊन भेटा."

मेश्राम सरांनी खाली मान घालून सही केली.

"हौ सर," ते म्हणाले. "आज संध्याकाळीच जातो."